दंडवाढीच्या चर्चेत उतरू पाहणाऱ्या नाशिककरांस

शहराच्या मध्यवर्ती भागातील नो पार्किंगचा दंड वाढवावा की वाढवू नये, हा प्रश्न सिंहस्थासारखा बारा वर्षे वाट पाहत नाही. मेन रोडवर एखाद्या संध्याकाळी रिक्षा, हातगाडी आणि मोटार एकमेकांत अडकली, की तो जवळच्या चहाच्या टपरीवर हजर होतो. आपल्यालाही त्यावर कधी ना कधी मत द्यावे लागणारच. तेव्हा ऐन वेळी फजिती होऊ नये, म्हणून एम. जी. रोडवर जागा शोधण्यात अर्धी हयात घालवलेल्या एका वाहनधारकाचे अनुभवाचे बोल कृपया ऐकून घ्यावेत.

पहिली गोष्ट म्हणजे, चर्चेला जाण्यापूर्वी कायदा चुकूनही वाचू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ सांगते, की सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा नाहक त्रास होईल अशा रीतीने गाडी उभी करू नये. कलम १७७ खाली किरकोळ गुन्ह्यांना पूर्वी पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत दंड होता, तो २०१९ च्या दुरुस्तीने ५०० झाला आणि पुन्हा सापडल्यास १५०० झाला. आपल्या राज्याने ही वाढ दोन वर्षे रोखून धरली व डिसेंबर २०२१ मध्ये लागू केली. म्हणजे रक्कम ठरली दिल्लीत, अंमल सुरू झाला मुंबईतून, आणि भांडण मात्र आपण रविवार कारंजावर करतो. हे एकदा समजले की माणसाची उमेदच जाते, आणि उमेद गेलेल्या माणसाला टपरीवर दुसरा कट कोणी पाजत नाही.

आपले मुख्य वाक्य एकच असावे: ‘आधी पार्किंग द्या, मग दंड घ्या.’ हे वाक्य खरेही आहे, आणि सोयीचे तर त्याहून आहे. मात्र ते उच्चारताना आजूबाजूला आपल्याच इमारतीतील कोणी नाही ना, याची खात्री करून घ्यावी. नाहीतर मंजूर नकाशात तळघरात दाखवलेले वाहनतळ आता कापडाच्या गठ्ठ्यांखाली कसे गेले, असा अप्रस्तुत प्रश्न निघतो. एखाद्याने जवळचे वाहनतळ दाखवून दिलेच, तर ‘ते लांब पडते’ असे म्हणावे. लांब म्हणजे जिथून दुकानाची पाटी वाचता येत नाही ते ठिकाण. २०१५ च्या सिंहस्थात भाविकांच्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या होत्या, आणि डोक्यावर गाठोडी घेतलेल्या म्हाताऱ्या बायका तिथून रामकुंडाकडे पायी येत होत्या. त्यांची श्रद्धा पाहून गॅलरीत उभ्या असलेल्या आपले डोळे पाणावले होते, हे कबूल. पण त्या मोक्षासाठी चालत होत्या. आपल्याला फक्त पडद्याचे कापड घ्यायचे असते.

आपण व्यापारी असाल, तर बाजू आणखी भक्कम आहे. ‘दंड वाढवला तर गिऱ्हाईक मॉलमध्ये जाईल,’ असे सांगावे. मॉलमध्ये तेच गिऱ्हाईक पार्किंगचे पैसे देते, तळघरातून दोन जिने चढते आणि वरच्या मजल्यापर्यंत निमूट चालत जाते, हा तपशील गाळावा. त्याचप्रमाणे सकाळी दहाला शटर उघडताना आपली मोटार आणि पाठोपाठ कामावरच्या मुलांच्या चार दुचाक्या दुकानासमोरच लागतात, त्या रात्री नऊपर्यंत हलत नाहीत, आणि उरलेल्या हातभर जागेत आपणच दगड भरलेला रंगाचा डबा ठेवतो, याचीही वाच्यता नसावी. गिऱ्हाइकाला जागा मिळत नाही हे तर खरेच आहे.

प्रत्यक्ष गाडी लावण्याचेही शास्त्र आहे. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवले की गाडी उभी असूनही निघालेली मानली जाते. शक्य असल्यास वडिलांना भाजीच्या पिशवीसह पुढच्या सीटवर बसवून जावे. ‘गाडीत माणूस आहे’ या युक्तिवादाला अजून उतारा सापडलेला नाही. ‘दोनच मिनिटांत आलो’ मात्र जपून वापरावे. गेल्या दिवाळीत शालिमारजवळ मी स्वतः धापा टाकत गाडीपाशी पोहोचलो आणि ‘साहेब, आत्ताच लावली’ म्हणालो. हवालदारांनी शांतपणे बॉनेटवर तळहात ठेवला. ते गार होते. मग त्यांनी वायपरखाली खोचलेली जाहिरातींची पत्रके एकेक करून काढली: एक क्लासचे, एक कर्जाचे, एक मूळव्याधीचे. ‘बराच माल आला की दोन मिनिटांत,’ एवढेच म्हणून त्यांनी मोबाइलवर फोटो काढला. तेव्हापासून मी उतरताना वायपर उभे करून ठेवतो.

चर्चेत आकडा हवा असेल, तर मुंबईचा घ्यावा. तिथल्या महापालिकेने जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा उभ्या राहणाऱ्या गाड्यांना दुचाकीसाठी पाच हजारांपासून आणि चारचाकीसाठी दहा हजारांपासून दंड सांगितला होता. दंड वाढवावा असे वाटत असेल, तर हा आकडा दरडावून सांगावा; वाढवू नये असे वाटत असेल, तर ‘मुंबईत निदान वाहनतळ तरी आहेत’ असे म्हणून तोच आकडा परत फेकावा. पैकी कोणती बाजू घ्यायची, ते त्या वेळी आपली गाडी कोंडीत अडकली आहे की कोंडी करून उभी आहे, यावर अवलंबून ठेवावे.

टोइंगला मात्र तत्त्व म्हणून विरोध असावा. गाडी उचलून नेणे ही दंडेली आहे, कलम १२७ काहीही म्हणो. एवढाच त्रास वाटत असेल, तर पावसाळ्यातही निर्धास्त खाली गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, गौरी पटांगणावर गाडी लावावी. तिथे पावती नाही की फोटो नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आधी भोंगा वाजतो, पण तो इतरांसाठी असतो. पुढे पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले, की पुलावरच्या गर्दीत एक गृहस्थ हमखास दिसतात: पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, हातात किल्ली, आणि खालच्या लाटांत डुलणाऱ्या टपाकडे बोट दाखवून दिसेल त्या पोलिसाला विचारत असतात, ‘अहो, तुमची ती टोइंगची क्रेन कुठे आहे?’