कोडग्या पायाचा रुबाब

रक्तात शुगर निघून बरीच वर्षं झाली, तळव्याला मुंग्या येतात आणि चालता चालता चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागत नाही? अभिनंदन! पाय कोडगे झाले तुमचे. आता नाद नाही करायचा कुणी. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर अनवाणीच जा. तापलेल्या फरशीवर बाकीचे उड्या मारत असतील, तुम्ही रुबाबात चाला. तळव्याचा फोड रात्री घरातलं कुणीतरी दाखवेलच.

कोरी कोल्हापुरी घेतली, तर तिला तेल पाजून मऊ करत बसू नका. पहिल्याच दिवशी घालून रंकाळ्याला फेरी मारा. अंगठा चावला तरी कळत नाही, हाच तर शुगरचा फायदा. डॉक्टर एमसीआरच्या, म्हणजे खास मऊ रबराच्या चपला सांगतात. पण त्या घालून लग्नात मिरवायचं कसं?

कुरूप आलं की दाढीचं ब्लेड आहेच. जखम झाली की आधी हळद, मग तात्यांनी सांगितलेला पाला, मग मेडिकलवाल्याला विचारून चार गोळ्या. बोट काळं पडलं तर मोजे घाला.

दवाखाना शक्यतो टाळाच. तिथं दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ‘कळतंय का?’ विचारतात, घोट्याजवळची नाडी चाचपतात, जंतू हाडापर्यंत गेलेत का म्हणून एक्स-रे काढतात. रक्त पोचत नसेल तर म्हणे पायाची अँजिओप्लास्टी! अँजिओप्लास्टी हृदयाची असते, एवढं आम्हाला कळतं की. वर सांगतात, सडलेलं आजच काढू, बोटावर भागेल, आणि जखम भरेपर्यंत त्या पायावर भार द्यायचा नाही. म्हणजे कोपऱ्यावरचा चहासुद्धा बंद.

एका बोटासाठी एवढ्या घाईनं सही करतं का कुणी? बैठक भरवा. पुण्याच्या जावयाचं मत घ्या, मुंबईच्या मेहुण्याला फोटो पाठवा. तो ‘थांबा, माझ्या ओळखीचे एक आहेत’ म्हणेल, तर थांबा. अमावास्या टळू द्या. तोवर पू तळव्यातून घोट्याच्या वर सरकतो, ताप चढतो, आणि चर्चेचा विषयच उरत नाही: गुडघ्याखाली पाय काढायचा. बोटावर आठवडाभर न झालेलं एकमत ऑपरेशन थिएटरच्या दारात पाच मिनिटांत होतं. मेहुणा तेवढा फोन उचलत नाही.