सामींना न भेटता सामी संस्कृती कशी पाहावी

दुबई, सिंगापूर आणि स्वित्झर्लंड उरकल्यानंतर फिनलंडच्या उत्तरेकडील लॅपलँडची सहल करणे हे पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांत आता क्रमप्राप्त झाले आहे. उत्तर ध्रुवप्रकाश आकाशात दिसलाच तर तो बोनस समजायचा. पण ‘सामी या मूळनिवासी लोकांच्या संस्कृतीचे दर्शन, दोन तास, गरम पेयासह’ याचे पैसे आधीच घेतलेले असल्याने ते पदरात पाडून घ्यायलाच हवे. हे दर्शन निर्विघ्न व्हावे अशी इच्छा असेल, तर पहिली खबरदारी म्हणजे प्रत्यक्ष सामी माणूस शक्यतो वाटेत येऊ देऊ नये.

यासाठी मुक्काम रोवानिएमीतच ठेवावा. फिनलंडच्या कायद्याने मान्य केलेला सामींचा मूळ प्रदेश, म्हणजे उत्स्योकी, इनारी, एनॉन्तेकिओ आणि सोदानक्युलाचा उत्तर भाग, येथून बराच वर आहे. एकट्या इनारी गावासाठी बसने 300 किलोमीटरहून अधिक हाडे खिळखिळी करावी लागतात. त्यापेक्षा रोवानिएमी सोयीचे. 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हे गाव जाळले, मग आल्वार आल्तो या वास्तुकाराने रेनडिअरच्या मस्तकाच्या आकारात त्याची नवी आखणी केली, 1950 मध्ये एलिनॉर रूझवेल्ट आल्या म्हणून ध्रुववृत्तावर घाईघाईने एक लाकडी खोपटे उभे राहिले आणि 1985 मध्ये तेथे सांताक्लॉजचे गाव थाटले गेले. एवढ्या प्राचीन वातावरणात उणे 20 अंशांची थंडीही सुसह्य वाटते. रोवानिएमीत सामी राहतात हे खरे (फिनलंडमधील निम्म्याहून अधिक सामी आज मूळ प्रदेशाबाहेरच राहतात), परंतु ते तुमच्या-आमच्यासारखे जीन्स घालून कचेरीत जातात. त्यामुळे ते ओळखू येण्याची धास्ती बाळगू नये.

पोशाखाविषयी मात्र मोकळ्या मनाने वागावे. ‘गाक्ती’ या सामी अंगरख्याची कापणी, त्यावरील फितींची ठेवण आणि रंग पाहून जाणकाराला तो घालणारा कोणत्या भागातला आणि बहुधा कोणत्या घराण्यातला हे कळते. तुम्हाला भाड्याने मिळणाऱ्या अंगरख्यातून असे काहीच कळत नाही, आणि छायाचित्रासाठी तेच इष्ट. तुमचे घराणे कोथरूडचे आहे हे त्यातून उघड झाले असते तर केवढी पंचाईत! पुढेमागे नॉर्वेला गेलात आणि गाक्ती उलटी घातलेले लोक दिसले, तर त्यांना आपुलकीने जवळ बोलावून शिवण बाहेर आल्याचे सांगावे. 2023 मध्ये ऑस्लोत सामी तरुण तशीच घालून सरकारी कचेऱ्यांच्या दारात बसले होते. नॉर्वेतील फोसेन येथील रेनडिअरांच्या चराईच्या जमिनीवर उभारलेल्या पवनचक्क्यांचे परवाने बेकायदा असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिला असूनही पाती फिरतच राहिली, ही त्यांची तक्रार होती. तुमच्या सहलीचा त्याच्याशी संबंध नाही.

तोंडाला काजळी फासून, गुडघे टेकायला लावून ध्रुववृत्त ओलांडल्याचा जो ‘विधी’ होतो, त्यात डफ वाजवणाऱ्या गृहस्थाला हे कोणाकडून शिकलात असे विचारू नये. त्याच्या पोटावर पाय येतो. खऱ्या डफांचे काय झाले हा विषयही टाळावा. 1691 मध्ये आंदर्स पौल्सेन या वृद्ध सामीचा डफ जप्त झाला, चेटूक केल्याचा खटला चालू असताना 1692 मध्ये त्याचा खून झाला आणि डफ डेन्मार्कच्या ताब्यात गेला. तो नॉर्वेतील कारासयोकच्या सामी संग्रहालयाला कायमचा परत मिळाला तो 2022 मध्ये. इतक्या संथ कारभारापेक्षा तुमचा पंधरा मिनिटांत आटोपणारा विधी बरा, शिवाय प्रमाणपत्र लगेच हातात मिळते.

रेनडिअर पाळणारा कोणी भेटलाच, तर तुमची जनावरे किती, हा प्रश्न सर्वांत आधी, मोठ्याने आणि सर्वांसमक्ष विचारावा. बँकेत शिल्लक किती, असे पहिल्याच भेटीत विचारण्यासारखे ते असले तरी, परक्या मुलखात संकोच करून कसे चालेल? पिल्लाच्या कानावर मालकाची खूण कशी कापतात, किंवा ऐन हिवाळ्यात पाऊस पडून बर्फावर कडक थर धरला की जनावराला खालचे दगडफूल खुराने उकरता का येत नाही आणि विकतचा चारा घालून तो हिवाळा कसा काढावा लागतो, हे तो सांगू लागला तर घड्याळाकडे पाहावे. तो स्नोमोबाइलवरून आला असेल तर नाराजी लपवू नये. फिनलंडमध्ये रेनडिअर पाळण्याचा हक्क केवळ सामींपुरता राखलेला नाही, त्यामुळे तुम्हाला ओढणारे जनावर कोणाचे आहे, ही चौकशी निष्कारण रसभंग करते.

हस्की कुत्र्यांनी ओढायची गाडी आणि बर्फाचे इग्लू यांचा सामी परंपरेशी काही संबंध नाही, पण पैसे भरलेले असल्याने तो आहे असे धरून चालावे.

आकाशात ध्रुवप्रकाश उजळला की जुने सामी गप्प राहत. त्याच्याकडे पाहून शीळ घालणे किंवा त्याची थट्टा करणे अंगाशी येते, असा त्यांचा समज होता. आपण ‘गणपती बाप्पा मोरया’ची आरोळी ठोकावी आणि मग सहलीच्या आचारी महाराजांनी बसमध्ये तयार ठेवलेल्या गरम पिठल्याकडे वळावे.

सामी संस्कृतीचे खोटे, रानटी आणि गूढ चित्र विकणारे पर्यटन थांबवावे, असे फिनलंडच्या सामी संसदेने 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. ती वाचण्याचा मोह सहलीनंतरपर्यंत आवरावा. तरीही चालकाच्या चुकीमुळे तुम्ही इनारीला पोहोचलात आणि त्या संसदेच्या इमारतीत शिरलात, तर लॅपटॉप उघडून खाणींच्या परवान्यांवर वाद घालणारी माणसे दिसतील. त्यांना पिसे नाहीत, शिंगे नाहीत, डफही नाही. तेथे छायाचित्रात येण्यासारखे काही नसल्याने तडक बसमध्ये परत यावे. हस्कींची वेळ चुकली तर पैसे परत मिळत नाहीत.