‘रन’चे ६४५ अर्थ आणि आपली धास्ती

‘रन’ या एवढ्याशा इंग्रजी शब्दाला ६४५ अर्थ आहेत, असा एक फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतो. त्याखाली प्रतिक्रियाही ठरलेल्या. कुणी म्हणतं, ‘केवढी समृद्ध भाषा!’ कुणी म्हणतं, ‘म्हणूनच इंग्रजी जमत नाही बुवा!’ मला दोन्ही पटत नाहीत.

आकडा खोटा नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर नावाचे संपादक नऊ महिने या एकाच क्रियापदाच्या मागे होते आणि त्यांची मोजणी ६४५वर थांबली. १९८९च्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता, ४३० अर्थांसह. पण हा ऐतिहासिक कोश आहे. कधीच वापरातून गेलेला अर्थही तिथे जागा धरून बसलेला असतो आणि छटा जराशी बदलली की नवा क्रमांक पडतो. या हिशेबाने आपलं ‘लागणे’ मोजून बघा की! भूक लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो आणि कुणीतरी आपला मामा लागतो. यातलं काय आपण पाठ केलं होतं?

जुन्या इंग्रजीत पळणं आणि वाहणं, दोन्ही या शब्दाच्या पोटात होतं. म्हणून नदी ‘रन’ होते, सर्दीत नाक ‘रन’ होतं, धुताना कपड्याचा रंगही. यंत्रयुगाने तर या रनला मोकळं रान दिलं. इंजिन जागेवर उभं राहून ‘रन’ होतं, कंपनी होते, कॉम्प्युटरवरचा प्रोग्रामही होतो. निवडणुकीला मात्र अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो आणि ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो. (पळणारा बरा की उभा राहणारा, हे मतदारांनी ठरवावं.)

इंग्रजी शिकणाऱ्यांनी त्या यादीच्या नादी लागूच नये. शेजारचा शब्द बघावा. ‘रन’पुढे ‘इंटू’ आलं की कुणाशी तरी गाठ पडते, नाहीतर धडक बसते. ‘आउट ऑफ’ आलं की काहीतरी संपलेलं असतं. ‘ओव्हर’ आलं आणि वाक्यात गाडी असली, तर बहुतेक बातमी वाईट. अर्थाचं निम्मं काम शेजारीच करतो.

क्रिकेटवाल्यांचा ‘रन’ मात्र कुणाच्याच हाती लागत नाही. चेंडू सीमापार गेला की फलंदाज बॅटीवर रेलून उभा, तरी चार रन जमा. आणि जो बिचारा जीव खाऊन पळतो, तो रनआउट!