ड्रग कोर्ट म्हणजे ‘नशेबाजांचे लाड’? पाच मुद्दे आणि त्यांची उत्तरं

अमेरिकेतल्या ड्रग कोर्टांची, म्हणजे व्यसनी आरोपींना तुरुंगाऐवजी न्यायाधीशाच्या देखरेखीखाली उपचार देणाऱ्या कोर्टांची, टर उडवणारा एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्याचं सार असं: ही कोर्टं म्हणजे नशेबाज गुन्हेगारांना तुरुंग चुकवायचा सोपा मार्ग, तिथून बाहेर पडलेले पुन्हा नशा करतातच, ओरेगॉन राज्याने हे करून पाहिलं आणि तोंडावर आपटलं, करदात्यांचा पैसा पाण्यात जातो, आणि एखाद्या शहरात एखाद्या तळमळीच्या न्यायाधीशामुळे जमलं, म्हणून सगळ्या राज्यात तेच पसरवणं हा वेडेपणा आहे. पाच मुद्दे, पाचही ठासून मांडलेले. त्यातला ओरेगॉनचा मुद्दा साफ चुकीचा आहे, तीन अर्धवट आहेत, आणि शेवटच्यात थोडा दम आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे.

‘तुरुंग चुकवायचा सोपा मार्ग.’

पहिलं ड्रग कोर्ट १९८९ साली फ्लोरिडातल्या मायामीत सुरू झालं. क्रॅक कोकेनचे, म्हणजे ओढायच्या स्वस्त कोकेनचे, दिवस होते. तीच माणसं, तोच गुन्हा, तोच तुरुंग आणि सुटल्यावर पुन्हा तेच कोर्ट, या रहाटगाडग्याला तिथली यंत्रणा विटली होती. न्यायाधीश स्टॅन्ली गोल्डस्टीन यांच्याकडे हे कोर्ट आलं. तिथल्या सरकारी वकील तेव्हा जॅनेट रीनो होत्या, ज्या पुढे क्लिंटन यांच्या काळात देशाच्या अॅटर्नी जनरल झाल्या. म्हणजे ही कल्पना ‘शिक्षाच नको’ म्हणणाऱ्यांनी पुढे रेटलेली नाही. गुन्हेगारांना शिक्षा करणं हेच ज्यांचं रोजचं काम होतं, त्यांनीच ती काढली.

आता ‘सोपं’ म्हणजे काय ते बघू. बऱ्याच कोर्टांत आत शिरण्याआधी गुन्हा कबूल करावा लागतो. शिक्षा टांगती राहते. कार्यक्रम कमीत कमी वर्षभराचा, पुष्कळदा दीड वर्षाचा. सुरुवातीला दर आठवड्या-दोन आठवड्यांनी न्यायाधीशापुढे उभं राहायचं. आठवड्यातून दोनदा तरी लघवीची तपासणी, तीही कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत, कारण दुसऱ्याची लघवी बाटलीतून चोरून आणणारे महाभाग असतात. तपासणी कोणत्या दिवशी ते आधी कळत नाही. अनेक ठिकाणी प्रत्येकाला एक रंग दिलेला असतो. रोज सकाळी ठरलेल्या नंबरवर फोन करायचा, ध्वनिमुद्रित आवाज त्या दिवशीचा रंग सांगतो, आणि तो आपला निघाला तर नोकरी, मुलं, आजारपण काहीही असो, जायचंच. न जाणं हे नशा केल्यासारखंच धरतात.

सुनावणीआधी बंद खोलीत बैठक होते. न्यायाधीश, सरकारी वकील, बचाव पक्षाचा वकील, प्रोबेशन अधिकारी (तुरुंगाबाहेर आरोपीवर लक्ष ठेवणारा), उपचार केंद्राचा समुपदेशक असे सगळे एका टेबलाशी बसून एकेका नावावर बोलतात. एरवी कोर्टात आरोपीच्या वतीने वकील बोलतो. इथे न्यायाधीश थेट आरोपीला विचारतात: मुलाखतीचं काय झालं? मंगळवारची तपासणी का चुकली? त्या मित्राकडे राहणं सोडलंस का? सरळ चाललं असेल तर भर कोर्टात टाळ्या होतात, काही ठिकाणी काचेच्या भांड्यातून चिठ्ठी काढायला देतात आणि त्यावर लिहिलेलं छोटंसं बक्षीस मिळतं. चिठ्ठीची गंमत वाचून फिरत्या मजकुराच्या लेखकाला हसू आलेलं दिसतं. पण त्याच सकाळी त्याच खोलीतून खोटं बोलणाऱ्याला दोन-तीन दिवसांसाठी कोठडीतही नेतात, हे त्याने गाळलंय. म्हणूनच काही आरोपी हा मार्ग नाकारून सरळ तुरुंग मागतात. चार-सहा महिने काढले की कोणी मागे लागत नाही, हा त्यांचा हिशोब.

न्यायाधीशाच्या या बोलण्याला किती महत्त्व आहे, यावर एनपीसी रिसर्च या संस्थेने ६९ ड्रग कोर्टांचा अभ्यास केला. जिथे न्यायाधीश प्रत्येक आरोपीला सरासरी किमान ३ मिनिटं देतात, तिथे पुन्हा गुन्हा करण्यातली घट इतर कोर्टांपेक्षा १५३ टक्क्यांनी जास्त, म्हणजे अडीचपट आढळली. तीन मिनिटं ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण खच्चून भरलेल्या फौजदारी कोर्टात एवढा वेळ कुणाच्या वाट्याला येत नाही.

‘बाहेर पडल्यावर पुन्हा नशा करतातच.’

करतात. बरेच जण करतात. बाल्टिमोरमध्ये आरोपींची चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी करून एक प्रयोग झाला. एक गट ड्रग कोर्टात, दुसरा नेहमीच्या कोर्टात. दोन वर्षांत ड्रग कोर्टातल्या ६६ टक्के लोकांना पुन्हा अटक झाली. मजकूर लिहिणाऱ्याने हा आकडा पाहिला असता तर मोठ्या अक्षरांत छापला असता. मात्र नेहमीच्या कोर्टातून गेलेल्यांत तोच आकडा ८१ टक्के होता. ड्रग कोर्टाची तुलना निर्व्यसनी माणसाशी करायची नसते, त्याच आरोपीला दुसऱ्या दारातून पाठवलं असतं तर काय झालं असतं, याच्याशी करायची असते.

२०११ साली पूर्ण झालेल्या मोठ्या अभ्यासात २३ ड्रग कोर्टं आणि तुलनेसाठी ६ ठिकाणं घेतली होती. दीड वर्षानंतर विचारलं तेव्हा मागच्या वर्षभरात नशा केल्याचं ड्रग कोर्टातल्या ५६ टक्क्यांनी सांगितलं, तुलनेच्या गटात ७६ टक्क्यांनी. लोक खोटं बोलतील म्हणून थुंकीची तपासणीही केली: २९ टक्के विरुद्ध ४६ टक्के. दीडशेवर मूल्यमापनं एकत्र करून २०१२ साली काढलेला निष्कर्ष असा, की प्रौढांच्या ड्रग कोर्टांमुळे पुन्हा गुन्ह्याचं प्रमाण साधारण ५० टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर येतं. ही जादू नव्हे. पण गुन्हेगारी कमी करण्याच्या उपायांत इतका फरक दाखवणारे फार थोडे आहेत.

दुसरं दार, म्हणजे तुरुंग, यावर मजकूर चिडीचूप आहे. तिथे नशा सुटते असं त्यात गृहीत धरलंय. तुरुंगात नशा थांबते, किंवा कमी होते, आणि नेमका तिथेच घात होतो. शरीराची सहनशक्ती उतरते, मनातली ओढ तशीच राहते, आणि माणूस बाहेर येऊन जुन्याच मात्रेने सुरुवात करतो. वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या ३०,२३७ लोकांची नोंद तपासणारा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिसेवनाने मरण्याचा त्यांचा धोका सामान्य लोकांच्या १२९ पट होता.

आणखी एक. नशा पुन्हा केली की ‘कोर्ट हरलं’ असं मजकूर मानतो, पण चांगली ड्रग कोर्टं तसं मानत नाहीत. मुरलेल्या व्यसनात पाय घसरणं अपेक्षितच असतं, त्यामुळे पहिल्या महिन्यांत तपासणीत दोष निघाला तर उपचार वाढवतात. शिक्षा होते ती खोटं बोलल्याबद्दल, तपासणी बुडवल्याबद्दल, समुपदेशनाला दांडी मारल्याबद्दल. कारण खरं बोलणं आणि हजर राहणं पहिल्या दिवसापासून जमू शकतं, नशा सोडणं जमत नाही. पुढे माणूस स्थिरावला की मात्र नशेलाही शिक्षा लागते. हा भेद ज्या न्यायाधीशाला कळत नाही त्याच्या कोर्टात लोक टिकत नाहीत.

‘ओरेगॉनमध्ये हेच फसलं.’

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ओरेगॉनच्या मतदारांनी २०२० साली ११० क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला, तो फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. त्याने थोड्या प्रमाणात अमली पदार्थ बाळगणं हा फौजदारी गुन्हाच उरला नाही. १०० डॉलर दंड, आणि हेल्पलाइनला फोन करून आरोग्यविषयक प्रश्नांची उत्तरं दिली तर तोही माफ. ना खटला, ना न्यायाधीश, ना तपासणी. २०२४ साली विधिमंडळाने हे फिरवलं आणि १ सप्टेंबरपासून बाळगणं पुन्हा गुन्हा झाला. ११० क्रमांकाबद्दल मत काहीही असो, ड्रग कोर्ट चालतंच मुळी डोक्यावरच्या खटल्याच्या जोरावर. ज्या व्यवस्थेने खटलाच काढून टाकला, तिच्या अपयशाचं खापर खटल्यावर चालणाऱ्या व्यवस्थेच्या माथी फोडणं हा सरळ गोंधळ आहे.

‘पैसा पाण्यात.’

अमेरिकी संसदेसाठी सरकारी खर्च तपासणाऱ्या जीएओ या कार्यालयाने २०११ साली उपलब्ध मूल्यमापनं चाळली. दर माणशी निव्वळ फायदा एका टोकाला ४७,८५२ डॉलर, दुसऱ्या टोकाला ७,१०८ डॉलर तोटा. म्हणजे तोट्यात चाललेली ड्रग कोर्टं आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही.

फरक पडतो तो मुख्यतः कोणाला आत घेतलं यावर. आपल्या कोर्टाचा निकाल छान दिसावा म्हणून काही ठिकाणी पहिल्यांदाच पकडलेला, घरचा आधार असलेला, कधीमधी गांजा ओढणारा पोरगा घेतात. तो पास होतोच, पण तो एरवीही सुधारला असता. त्याच्यावर दीड वर्षाच्या हजेऱ्या आणि तपासण्यांचा खर्च म्हणजे खरोखर पैसा पाण्यात. उलट ज्याने पाच-सात वेळा तुरुंगाची वारी केलीय, ज्याचं हेरॉइन सुटत नाही, ज्याला राहायला जागा नाही, त्याच्यावर खर्च जास्त होतो आणि तो अधूनमधून अपयशीही ठरतो, पण तो टिकला तर टळलेल्या चोऱ्या, अटका, खटले आणि तुरुंगवास यांतून पैसे परत येतात. किशोरवयीनांच्या ड्रग कोर्टांचा परिणाम फार तोकडा आढळला आहे, पन्नास टक्क्यांवरून त्रेचाळीस-चव्वेचाळीस. विस्ताराचा पैसा तिकडे वळवण्याआधी मी दहादा विचार करीन.

‘एका शहरात जमलं म्हणून सगळ्या राज्यात नको.’

न्यूयॉर्क राज्याच्या मुख्य न्यायाधीश जुडिथ के यांनी २००० साली ड्रग कोर्टं राज्यभर न्यायचं ठरवलं. २००३ साली तिथल्या सहा कोर्टांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत ब्रॉन्क्स, ब्रुकलिन आणि क्वीन्ससारखे महानगराचे भाग होते, तशी सिरॅक्यूज, रॉचेस्टरसारखी दूरची शहरंही होती. अटकेपासून तीन वर्षांत पुन्हा दोषी ठरण्याचं प्रमाण सरासरी २९ टक्क्यांनी घटलं. आज देशात या धर्तीची चार हजारांहून जास्त कोर्टं आहेत. इतक्या ठिकाणी इतके अवलिया न्यायाधीश सापडत नाहीत. पद्धत शिकवता येते, म्हणूनच ती पसरली.

तरी या मुद्द्यात दम आहे असं मी म्हटलं, ते यासाठी की कोर्ट उघडणं स्वस्त असतं आणि उपचार उभे करणं महाग. न्यायाधीश, एक दुपार आणि तपासणीचे कप एवढ्यावर राज्य सरकार ‘विस्तार झाला’ म्हणून जाहीर करू शकतं. ग्रामीण भागात आरोपीचं ड्रायव्हिंग लायसन्स गेलेलं असतं, बस नसते, तपासणी केंद्र तासाभराच्या अंतरावर असतं. सकाळी रंग पुकारला आणि पोचता आलं नाही, की दोष त्याचा. अशा ठिकाणी कार्यक्रमातून बाहेर काढलेल्याला कधीकधी आधीच सरकारी वकिलाशी गुन्हा कबुलीचा सौदा करून मिळाली असती त्यापेक्षा मोठी शिक्षा भोगावी लागते. कृष्णवर्णीय आरोपी कार्यक्रम पूर्ण करण्यात अनेक कोर्टांत मागे पडतात, आणि त्याची कारणं शोधायची तर प्रत्येक कोर्टाने आकडे ठेवायला हवेत.

सगळ्यात मोठी चूक औषधांची. हेरॉइन आणि फेंटानिल (हेरॉइनसारखाच, पण जास्त तीव्र कृत्रिम पदार्थ) यांच्या व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही मृत्यू घटवणारी औषधं आहेत. तरीही ‘एका नशेऐवजी दुसरी’ म्हणून कित्येक न्यायाधीशांनी ती वर्षानुवर्षं बंद ठेवायला लावली. २०१५ पासून केंद्र सरकारने ड्रग कोर्टांच्या अनुदानाला अट घातली, की औषध घेतो म्हणून कोणाला नाकारायचं नाही. ऱ्होड आयलंडने तर २०१६ साली तुरुंगातच ही औषधं सुरू केली आणि सुटकेनंतरचे अतिसेवनाचे मृत्यू वर्षभरात ६१ टक्क्यांनी घटले.

त्यामुळे राज्याच्या अर्थसंकल्पात ड्रग कोर्टांची तरतूद आली, की मी कोर्टांची संख्या शेवटी बघतो. आधी बघतो, एका कोर्टावर सव्वाशेपेक्षा जास्त माणसं टाकणार का, कारण त्यापुढे निकाल घसरतात. मग, कोणाला घेणार: पहिल्या गुन्ह्याचा पोरगा की सातव्यांदा आलेला. आणि मग, त्या जिल्ह्यात मेथाडोनचं केंद्र किती मैलांवर आहे आणि तिथवर जायला गाडीभाडं कोण देणार.