‘सगळीकडे ७७७ द्या, लॉगिन होईल’ या संदेशाला उत्तर

धम्मचक्र प्रवर्तन दिन तोंडावर आला की नागपुरातल्या छपाईच्या दुकानांत कोणाला मान वर करायला फुरसत नसते. अशाच एका संध्याकाळी इतवारीत दुकान चालवणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. ‘मामा, आधी एकाचंच लॉगिन होत नव्हतं, आता तर कोणाचंच होऊन नाही राहिलं.’ फ्लेक्सच्या फाइली जीमेलच्या २५ एमबींत मावत नाहीत, म्हणून त्याने दुकानातल्याच एका जुन्या संगणकावर उबंटू ही लिनक्स प्रणाली टाकून एसएफटीपी, म्हणजे फाइली सुरक्षितपणे पाठवण्याचा, सर्व्हर उभा केला आहे आणि अकरा ग्राहक त्यावर आपापल्या खात्यात फाइली टाकतात. बारावा ग्राहक नवा होता आणि त्याचे लॉगिन अडले. नेमका त्याच दिवशी व्यावसायिकांच्या एका व्हॉट्सॲप गटात फिरणारा संदेश भाच्याच्या हाती लागला आणि त्याने तो वरून खाली अमलात आणला. त्यानंतर तोच संदेश मला आणखी तीन गटांत दिसला, म्हणून हे लिहावे लागत आहे.

संदेश थोडक्यात असा आहे: ‘एफटीपी किंवा एसएफटीपीचे लॉगिन होत नसेल तर सर्व्हरवर परवानगी कमी पडते आहे. पहिले, सगळ्या फोल्डरांना ७७७ द्या. दुसरे, फायरवॉल बंद करा. तिसरे, रूटचे लॉगिन सुरू करा आणि त्यानेच आत जा. चौथे, एसईलिनक्स बंद करा. तरीही झाले नाही तर सर्व्हर पुसून नव्याने टाका. शंभर टक्के खात्रीचा उपाय.’

पहिल्या मुद्द्यावर मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यानेच केले. ७७७ म्हणजे मालक, त्याचा गट आणि उरलेले सगळे, या तिघांनाही वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची पूर्ण मुभा. संदेश लिहिणाऱ्याची समजूत अशी दिसते की परवानगी जितकी सैल, तितके लॉगिन सोपे. एसएफटीपीच्या बाबतीत वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. उबंटूवर एसएफटीपीचे काम ओपनएसएसएच हा प्रोग्राम करतो, आणि त्याच्या सेटिंगांची अधिकृत माहितीपुस्तिका बहुतेक सर्व्हरांवर आधीपासूनच असते. तीत ‘स्ट्रिक्टमोड्स’ नावाच्या सेटिंगखाली स्पष्ट लिहिले आहे की लॉगिन स्वीकारण्यापूर्वी सर्व्हर त्या माणसाच्या होम फोल्डरची आणि फाइलींची मालकी व परवानग्या तपासतो, कारण नवखे लोक चुकून आपले फोल्डर सर्वांना लिहिण्यासाठी खुले ठेवतात. हे सेटिंग मुळातच चालू असते. म्हणजे ज्या चुकीपासून वाचवण्यासाठी ही तपासणी ठेवली आहे, तीच चूक करायला हा संदेश सांगतो.

भाच्याने परवानग्या बदलणारी ‘सीएचमॉड ७७७’ ही आज्ञा, सगळ्या ग्राहकांची फोल्डरे ज्यात असतात त्या संपूर्ण होम फोल्डरवर, आतल्या सगळ्या फाइलींसकट चालवली होती. त्याचे जुने अकरा ग्राहक पासवर्डने नव्हे, तर एसएसएच किल्लीने, म्हणजे ग्राहकाच्या संगणकावर ठेवलेल्या गुप्त फाइलीने, आत येतात. किल्ल्यांची यादी ज्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलीत असते, ती फाइल आता कोणीही बदलू शकेल अशी झाली, म्हणून सर्व्हरने तिच्यावर विश्वास ठेवणे बंद केले. मी दुकानात पोहोचलो तेव्हा दूरून आत शिरण्याची माझी स्वतःची वाटही बंद झालेली होती आणि संगणकासमोर बसूनच काम करावे लागले. लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद ठेवणारा ऑथ-लॉग उघडला तर प्रत्येक ग्राहकाच्या नावापुढे एकच ओळ पुनःपुन्हा उमटत होती: या फाइलीची मालकी किंवा परवानग्या योग्य नाहीत, म्हणून प्रवेश नाकारला. कारण तिथे लेखी मांडलेले होते आणि दुपारपासून कोणी ते वाचले नव्हते.

एवढ्यावर ते थांबले नाही. ग्राहकांना एकमेकांच्या फाइली दिसू नयेत म्हणून भाच्याने प्रत्येकाला त्याच्याच फोल्डरात कोंडले आहे, ज्याला क्रूट म्हणतात. त्याची अट अशी की मुळापासून त्या फोल्डरापर्यंतच्या वाटेवरील प्रत्येक फोल्डर रूटच्या, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या मुख्य खात्याच्या, मालकीचे असले पाहिजे आणि त्यात दुसऱ्या कोणालाही लिहिता येता कामा नये. मी किल्ल्यांच्या फाइली ६००, त्यांची फोल्डरे ७०० आणि प्रत्येक ग्राहकाचे फोल्डर ७५५ (फक्त मालकाला लिहिण्याची मुभा) केल्यावर ग्राहकांची ओळख पटू लागली, पण पुढच्याच क्षणाला जोडणी तुटत होती, कारण त्या सगळ्यांच्या वरचे होम फोल्डर अजून ७७७ होते. इथे कोणी स्ट्रिक्टमोड्सच बंद करा असा सल्ला देईल, म्हणून सांगतो की त्याच पुस्तिकेप्रमाणे क्रूटच्या फोल्डराची तपासणी ते सेटिंग पाहून होत नाही, ती बिनशर्त होते. शेवटी होम फोल्डरही ७५५ केले, ते आणि प्रत्येक ग्राहकाचे वरचे फोल्डर रूटच्याच मालकीचे असल्याची खात्री केली आणि फाइली टाकण्यासाठी आत त्या ग्राहकाच्या मालकीचे वेगळे फोल्डर ठेवले. हे सगळे हाताने करावे लागले, कारण सीएचमॉड आधीच्या परवानग्या कुठेही नोंदवून ठेवत नाही आणि ती आज्ञा मागे घेण्याची सोय नसते. साध्या एफटीपीसाठी व्हीएसएफटीपीडी हा सर्व्हर प्रोग्राम वापरणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. तोही, ग्राहकाला कोंडलेले मूळ फोल्डर त्यालाच लिहिता येण्याजोगे दिसले तर २.३.५ या आवृत्तीपासून लॉगिन नाकारतो आणि पडद्यावर ५०० क्रमांकाची चूक दाखवतो.

फायरवॉलचा मुद्दा तेवढा निराधार नाही, हे मान्य केले पाहिजे. पण आधी सर्व्हर काय म्हणतो आहे ते पाहावे. एफटीपीच्या उत्तरांचे क्रमांक ऑक्टोबर १९८५ मधल्या आरएफसी ९५९ या दस्तऐवजाने ठरवून दिले आहेत आणि ते आजही तेच आहेत: ३३१ म्हणजे नाव मिळाले, आता पासवर्ड द्या, २३० म्हणजे लॉगिन झाले, ५३० म्हणजे लॉगिन झाले नाही. ५३० दिसत असेल तर तुमचे म्हणणे सर्व्हरपर्यंत पोहोचले आहे आणि त्याचे उत्तरही परत आले आहे, मग फायरवॉलने अडवले तरी काय? फायरवॉल अडवते तेव्हा पासवर्ड विचारण्याचीही वेळ येत नाही, जोडणी नुसती ताटकळते किंवा लगेच नाकारली जाते. २३० मिळाल्यावर फोल्डरांची यादी येत नसेल, तर पॅसिव्ह पोर्ट, म्हणजे फाइली आणि याद्या पाठवण्यासाठी लागणारी वेगळी दारे, उघडलेले नाहीत असा संशय घ्यावा. पण तेव्हा लॉगिन झालेलेच असते.

मग हा उपाय ‘लागू पडला’ असे लोक शपथेवर का सांगतात? अनेक सर्व्हरांवर चुकीचे लॉगिन करणाऱ्या पत्त्यांना काही काळ बंद करणारा फेलटूबॅन नावाचा प्रोग्राम असतो. त्याचे मूळ सेटिंग असे की दहा मिनिटांत पाच वेळा चुकीचा प्रयत्न झाला की तो पत्ता दहा मिनिटांसाठी बंद होतो. माणूस घाईने पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकतो, पत्ता बंद होतो, मग तो फायरवॉल बंद करतो, तिच्याबरोबर ही बंदीही जाते आणि सहाव्या वेळी पासवर्ड बरोबर पडतो. श्रेय मात्र फायरवॉल बंद करण्याला मिळते. दहा मिनिटे थांबला असता किंवा फेलटूबॅनच्या यादीतून तेवढा एक पत्ता काढला असता, तर सगळा सर्व्हर उघडा टाकावा लागला नसता.

तिसरा मुद्दा मूर्खपणाचा तर आहेच, शिवाय धोक्याचा आहे. रूटने आत जाता आले म्हणून ग्राहकाचे खाते का अडले होते हे कळत नाही, कारण ती दोन वेगळी खाती आहेत आणि त्यांना लागणारे नियमही वेगळे आहेत. ओपनएसएसएचने ऑगस्ट २०१५ मधल्या ७.० या आवृत्तीपासून रूटला पासवर्डने आत येणे मुळातच बंद ठेवले आहे. इंटरनेटकडे उघड्या असलेल्या कोणत्याही सर्व्हरचा ऑथ-लॉग पाहा, बावीस क्रमांकाच्या पोर्टवर ‘रूट’ या नावाने पासवर्ड लावून पाहणारे परके पत्ते दिवसभर येत असतात. छपाईच्या दुकानात फक्त फ्लेक्स नसतात. शाळांच्या ओळखपत्रांसाठी आलेले मुलांचे फोटो असतात, त्यांच्या घरचे पत्ते असतात, लग्नपत्रिकांवरचे फोन नंबर असतात. ही माहिती लोकांनी दुकानदाराच्या भरवशावर दिलेली असते.

भाच्याने रूटचे लॉगिन सुरू करून पासवर्ड त्या नव्या ग्राहकाला फोनवर सांगून टाकला होता. हे ऐकले तेव्हा मला राग आवरला नाही. तो पासवर्ड चालला नाही, हे केवळ नशीब. का चालला नाही, ते मूळ बिघाडाकडे येतो तेव्हा सांगतो.

एसईलिनक्सबद्दल, म्हणजे प्रोग्रामांना काय करता येईल यावर जादा बंधने घालणाऱ्या लिनक्सच्या सुरक्षाव्यवस्थेबद्दल, फार लिहिण्यासारखे नाही. उबंटूवर ते मुळात चालू नसते, तिथे त्याच कामासाठी ॲपआर्मर असते, त्यामुळे निम्म्या वाचकांसाठी हा सल्ला निरर्थक आहे. रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर ते खरोखर आड येऊ शकते, विशेषतः किल्ल्यांचे फोल्डर दुसरीकडून हलवून आणले असेल तर. पण तिथे त्या फोल्डरावर, त्याची सुरक्षा-खूण पूर्ववत करणारी ‘रिस्टोअरकॉन’ ही एक आज्ञा पुरते.

सर्व्हर पुसण्याचा सल्ला वाचून मात्र वाईट वाटते, कारण कधीकधी लॉगिन झालेले असते आणि माणसाला ते कळत नाही. खाते उघडताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या बॅशआरसी फाइलीत अगदी वरच्या ओळीला कोणी ‘वेलकम’ असे स्वागत छापायची आज्ञा ठेवली असेल, तर एसएफटीपी ते स्वागत म्हणजे निरोपाची लांबी समजतो आणि १४६६२६४६७५ एवढा लांब निरोप आल्याची तक्रार करून जोडणी सोडतो. हा आकडा म्हणजे दुसरे काही नसून ‘वेलकम’ या इंग्रजी शब्दाची पहिली चार अक्षरे आकड्याच्या रूपात वाचलेली आहेत. एक ओळ काढण्याऐवजी लोक अख्खी डिस्क पुसतात.

आता मूळ बिघाड. नव्या ग्राहकाच्या फाइलझिला या फाइली पाठवण्याच्या प्रोग्रामात जी चूक दिसत होती, तिचा अर्थ असा होता: चालण्याजोगी ओळख पटवण्याची पद्धत उपलब्ध नाही, सर्व्हरने फक्त ‘पब्लिककी’ देऊ केली आहे. सर्व्हर किल्लीखेरीज काहीच स्वीकारत नाही, पासवर्ड बरोबर आहे की चूक हे तो पाहतसुद्धा नाही, हे सगळे त्या एका शब्दात होते. भाच्याने ग्राहकाला पासवर्ड दिला होता आणि मुख्य सेटिंग फाइलीत पासवर्डला ‘येस’ही केले होते. पण उबंटू टाकताना त्यानेच पासवर्डचे लॉगिन नाकारले होते, आणि तो नकार क्लाउड-इनिट या उबंटूच्या सुरुवातीच्या जुळणीच्या प्रोग्रामाच्या वेगळ्या छोट्या फाइलीत नोंदला गेला होता. मुख्य फाइल सुरुवातीलाच त्या छोट्या फाइलींना आत घेते, आणि ओपनएसएसएचमध्ये एकाच सेटिंगच्या दोन किमती आल्या तर आधी आलेली लागू होते. ओपनएसएसएचच्या सर्व्हरची एसएसएचडी ही आज्ञा मोठ्या ‘टी’च्या पर्यायासह चालवली की प्रत्यक्षात लागू असलेली सगळी सेटिंगे छापून येतात, तिथे पासवर्डपुढे ‘नो’ दिसले आणि शोध संपला. याच ‘नो’मुळे रूटचा वाटलेला पासवर्डही निरुपयोगी ठरला होता. संदेश मानून आणखी एक पाऊल पुढे टाकले असते आणि ती ओळ सापडून बदलली गेली असती, तर रूट त्याच क्षणी सगळ्या जगाला खुला झाला असता.

आम्ही ते ‘नो’ तसेच ठेवले. रूटचा पासवर्ड बदलला, त्याचे लॉगिन पूर्वीसारखे बंद केले आणि ग्राहकाला किल्ल्या बनवणाऱ्या पुटीजेन या प्रोग्रामाने किल्ली तयार करायला सांगितले. त्याने पहिल्यांदा ‘सेव्ह पब्लिक की’ दाबून तयार झालेली फाइल पाठवली. तिची मांडणी अनेक ओळींची असते आणि ओपनएसएसएचला ती त्या यादीत कळत नाही. खिडकीच्या वरच्या चौकटीत दिसणारा मजकूर एका सलग ओळीत उचलून पाठवावा लागतो. तो आला, यादीत टाकला, आणि रात्री सव्वाआठला ऑथ-लॉगमध्ये त्याच्या नावापुढे ‘ॲक्सेप्टेड पब्लिककी’ अशी ओळ उमटली. त्याच्या मागोमाग दीक्षाभूमीच्या रस्त्यावर लावायच्या स्वागत फलकाची फाइल येऊ लागली.