पोटात जंत पाळून दमा बरा होत नाही, काय सापडलंय ते नीट वाचा

सध्या फिरणाऱ्या मेसेजचा सारांश असा: शास्त्रज्ञांना जंतांमध्ये दमा, संधिवात, क्रोन्स (आतड्याची जुनाट सूज) असल्या आजारांवरचं औषध सापडलंय, म्हणून जंताची गोळी घेऊ नका, पोटात चार जंत असलेले बरे, जंत दिलेले पेशंट बरे झालेत आणि औषध कंपन्या हे दाबून ठेवतायत. पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, त्याच्या जोरावर बाकीचं खपतंय.

"औषध सापडलंय". नाही, सापडलीयेत प्रोटीन्स. जंत आतड्यात वर्षानुवर्षं टिकतो कारण तो सतत काहीबाही स्रवत असतो आणि त्यानं आपली इम्यून सिस्टिम थंड पडते. लॅबमध्ये तो स्राव गोळा करतात, त्याचे भाग पाडतात, कुठल्या भागानं पेशींवर परिणाम होतो ते बघतात आणि मग मास स्पेक्ट्रोमेट्रीनं (रेणूंचं वजन मोजून ते ओळखायचं तंत्र) त्यातलं प्रोटीन ओळखतात. ग्लासगोच्या रिक मेझल्स यांच्या टीमनं २०१७ मध्ये हेलिग्मोसोमॉइड्स पॉलिगायरस या उंदराच्या आतड्यातल्या जंतातून टीजीएम नावाचं प्रोटीन असंच शोधलं. आपल्या शरीरात टीजीएफ-बीटा नावाचा इम्यून सिस्टिमला आवर घालणारा सिग्नल असतो, त्याच्याशी याची रचना अजिबात जुळत नाही, पण बसतं त्याच रिसेप्टरवर (पेशीवरची सिग्नल पकडणारी जागा) आणि काम तेच करतं, म्हणजे इम्यून सिस्टिमला शांत ठेवणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी वाढवतं (उत्क्रांतीची ही चोरवाट मला तरी भन्नाट वाटते). त्याच जंताचं दुसरं एक प्रोटीन ॲलर्जी पेटवणाऱ्या आयएल-३३ या सिग्नलला पकडून ठेवतं. हूकवर्म या आतड्यातल्या जंताच्या एआयपी-२ प्रोटीननं दमा कमी झाला, पण उंदरांमध्ये, हे मेसेजवाले सोयीस्कर विसरतात.

आणि ओळखलेलं प्रोटीन जंताशिवाय लॅबमध्ये बनवता येतं, सगळा खटाटोप त्याचसाठी चाललाय ना?

"पोटात चार जंत असलेले बरे". कुठले चार? २००६ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तेव्हा हूकवर्म असलेल्यांमध्ये दमा कमी दिसला, पण ॲस्कॅरिस म्हणजे साधा गोल जंत असलेल्यांमध्ये उलट जास्त. शिवाय हूकवर्म आतड्याला चिकटून रक्त पितो, त्यातून ॲनिमिया होतो, लहान मुलं आणि गरोदर बायकांना तो फार महागात पडतो. सगळ्यात भीती स्ट्रॉंगिलॉइड्सची. हा जंत माणसाच्या आतच पिढ्या वाढवू शकतो, आणि संधिवात किंवा दम्यासाठी स्टेरॉइड चालू असेल तर तो बेफाम वाढून शरीरभर पसरतो, माणूस दगावतो. म्हणजे हा मेसेज ज्यांच्यासाठी लिहिलाय त्यांनाच सगळ्यात जास्त धोका, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली गोळी फॉरवर्ड वाचून टाळू नका.

"जंत दिलेले पेशंट बरे झाले". २००५ मध्ये क्रोन्सच्या २९ पेशंटना डुकराच्या आतड्यातल्या व्हिपवर्म जंताची अंडी दिली होती, बऱ्याच जणांना आराम पडला हे खरं, पण तुलनेला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ मात्रा घेणारा गट नव्हता. पुढे २५० पेशंटची मोठी ट्रायल झाली आणि २०१३ मध्ये निकाल आला: प्लासिबोपेक्षा फरक नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (इम्यून सिस्टिम मेंदू-मज्जारज्जूवरच हल्ला करते तो आजार) हूकवर्म देऊन नॉटिंगहॅमला ७१ जणांवर ट्रायल झाली, रेग्युलेटरी टी पेशी वाढल्या, पण एमआरआयमधल्या नव्या डागांत ठोस फरक दिसला नाही.

"कंपन्या दाबतायत". अहो, ती २५० जणांची ट्रायल कंपनीनंच केली होती आणि पडली हेही तिनंच जाहीर केलं. हूकवर्मचं एक प्रोटीन तर फायझरनं स्ट्रोकच्या साडेनऊशेहून जास्त पेशंटवर वापरून बघितलं, २००३ मध्ये निकाल छापून आला, फायदा शून्य.

खरी अडचण वेगळीच आहे. जंताचं प्रोटीन शरीराला परकं, आकारानंही मोठं, त्यामुळे वारंवार दिलं तर त्याच्याविरुद्धच अँटीबॉडी तयार होऊ शकतात. म्हणून ईएस-६२ या जंत-प्रोटीनवर काम करणाऱ्या हार्नेट यांच्या टीमनं त्याचा फॉस्फोरिलकोलिन हा कामाचा तुकडा धरून छोटे रेणू बनवले, उंदरांच्या संधिवातात त्यातल्या काहींचा उपयोग झाला, माणसांवरचं काम अजून व्हायचंय.