गूझ शेवटी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नवख्यांना बेल्जियन बिअरची ओळख करून देताना मी विटबिअर या गव्हाच्या बिअरपासून सुरुवात केली आणि लॅम्बिक (हवेतील सूक्ष्मजीवांनी आंबवलेली आंबट बिअर) व गूझ (वेगवेगळ्या वयाच्या लॅम्बिकचे मिश्रण) शेवटी ठेवल्या, यावर आपला आक्षेप आहे. गूझ ही बेल्जियमची सर्वांत अस्सल बिअर असून ती मागे ठेवणे म्हणजे वाचकाच्या जिभेवर अविश्वास दाखवणे होय, असे आपण लिहिले आहे. गूझच्या थोरवीबद्दल आपल्यात दुमत नाही. मात्र मी क्रम थोरवीवरून नव्हे, तर यीस्टवरून, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवावरून, लावला आहे.

लागरची, म्हणजे नेहमी मिळणाऱ्या सौम्य चवीच्या बिअरची, सवय झालेल्या माणसाला यीस्टची चव वेगळी काढून ओळखण्याची वेळ सहसा आलेली नसते, आणि बेल्जियन बिअरमध्ये तीच मुख्य असते. बिअर बनवणारे प्येर सेलिस यांनी 1960च्या दशकात बेल्जियममधील हूगार्डन गावात पुनरुज्जीवित केलेल्या विटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल असते, म्हणून तिथे यीस्टचा वाटा चटकन लक्षात येत नाही. पण त्यानंतर सेझाँ द्युपाँ ही बिअर चाखली, की मसाला न घालताही मिरीसारखा तिखटपणा कुठून येतो हा प्रश्न आपोआप पडतो. वेस्टमाले मठाच्या 9.5 टक्के मद्यार्काच्या ट्रिपेल या कडक बिअरमधला फळांचा गंधही बराचसा यीस्टचाच असतो. मग ओर्व्हाल ही बिअर. तिच्यात बाटली भरताना ब्रेटानोमायसिस हे यीस्ट घालतात, त्यामुळे ताज्या बाटलीतला हॉप्स या फुलांचा कडवटपणा काही महिन्यांत मागे सरतो आणि चामड्याची, तबेल्याची आठवण करून देणारा वास पुढे येतो.

हाच वास गूझमध्ये आंबटपणासह भेटतो. धान्याचा उकळलेला अर्क थंडीच्या महिन्यांत उथळ, उघड्या हौदात रात्रभर निवत ठेवायचा, हवेतील व लाकडातील सूक्ष्मजीवांवर आंबवण्याचे काम सोपवायचे, आणि पिंपांत मुरलेल्या एक, दोन व तीन वर्षांच्या लॅम्बिकचे मिश्रण करून ते बाटलीत पुन्हा आंबू द्यायचे, ही पद्धत मला अद्भुत वाटते. परंतु साध्या बिअरमध्ये हेच गंध आणि हाच आंबटपणा बिअर बिघडल्याची खूण असतात. ज्याने आधी ओर्व्हाल घेतलेली नाही, तो गूझला नासलेली ठरवून बाजूला सारेल, ही माझी भीती आहे. कोरड्या, आंबटसर वाइनची ज्यांना सवय आहे, त्यांनी मात्र थेट गूझने सुरुवात करायला माझी हरकत नाही.

गूझ जड वाटल्यास आधी गोड क्रीक (चेरी घातलेली लॅम्बिक) द्यावी, ही आपली सूचना मात्र मला मान्य नाही. साखर किंवा गोडवा घातलेल्या क्रीकमध्ये चेरीखाली लॅम्बिक झाकली जाते, आणि पिणाऱ्याला गूझची कसलीच पूर्वतयारी मिळत नाही.